झेड/ओएस २.५ वरून ३.१ : अपग्रेड आणि मासिक लायसन्स बिल, दोन्ही एकत्र कसं हाताळायचं?

रात्रपाळी :
नमस्कार मंडळी. मेनफ्रेमवाले इथे बरेच आहेत, म्हणून सविस्तर धागा काढतोय. मांडणी अशी: एक झेड१४ (आयबीएमचं मेनफ्रेम मशीन; झेड१३ त्याआधीचं, झेड१५ नंतरचं), त्यावर चार एलपार (एकाच मशीनचे स्वतंत्र भाग). दोन प्रॉडक्शन, एक टेस्ट, एक डेव्हलपमेंट. जेईएस२ (जॉब चालवणारी यंत्रणा), सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहारांसाठी), डीबी२ (डेटाबेस) आणि बहुतेक प्रोग्राम कोबोल ४.२ चे. झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) २.५ चा सपोर्ट सप्टेंबर २०२६ ला संपतो. सब-कपॅसिटी बिलिंग (पूर्ण मशीनऐवजी वापरावर बिल) आहे, म्हणजे वापर दाखवणारा एससीआरटी रिपोर्ट दर महिन्याला आयबीएमला जातो.
प्रश्न दोन. ३.१ घ्यायचं की थेट ३.२? आणि अपग्रेड करतानाच सॉफ्टवेअरचं बिल कमी करायचं असेल, तर कशापासून सुरुवात करावी? "क्लाउडवर जा" हा सल्ला नको. सिस्टिम राहणार आहे, ती नीट आणि कमी खर्चात चालवायची आहे.

सिसप्रोग_मिरज :
पहिल्या प्रश्नाचं उत्तर हार्डवेअरच देतं. ३.२ ला किमान झेड१५ लागतं, ३.१ ला झेड१४ चालतं. मशीन बदलणार नसाल तर ३.१. मात्र नवी आवृत्ती आली की जुनी काही महिन्यांत ऑर्डरसाठी बंद होते, म्हणून बसवायचा मुहूर्त लांब असला तरी ऑर्डर आधीच टाका. मशीन बदलायचंच असेल तर २.५ वरून थेट ३.२ वर जाता येतं, मधला मुक्काम वाचतो.
डीआरचं (आपत्तीसाठी राखीव) मशीनही तपासा. मुख्य मशीन झेड१४ आणि डीआरला जुनं झेड१३ असं बऱ्याच ठिकाणी असतं. २.५ पर्यंत ते खपून गेलं. ३.१ झेड१३ वर आयपीएलच (म्हणजे सुरूच) होणार नाही.

चार_तास :
दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. बिल कमी करायच्या गप्पा सुरू होण्याआधी ते तयार कसं होतं हे सगळ्या टीमला माहीत हवं. चुकीच्या आकड्याच्या मागे लागून महिने वाया जातात.
मोजणी महिन्याच्या २ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत. दर तासाला प्रत्येक एलपारची मागच्या चार तासांची फिरती सरासरी एमएसयूमध्ये (प्रोसेसर-वापराचं एकक) काढली जाते. मग एकेका प्रॉडक्टसाठी, ते ज्या ज्या एलपारवर चालतं त्यांची त्या तासाची बेरीज. महिन्यातल्या सगळ्या तासांत ही बेरीज सर्वांत मोठी जिथे भरते, तेवढे एमएसयू त्या प्रॉडक्टच्या बिलाला.
समजा सकाळी ११ ला प्रॉडक्शन-१ वर ३०० आणि प्रॉडक्शन-२ वर ८०. रात्री २ ला अनुक्रमे १५० आणि २००. दोन्हीकडे चालणाऱ्या झेड/ओएसचं बिल ३८० वर लागेल. दोघांची शिखरं मिळवून ५०० होत नाहीत, कारण ती वेगवेगळ्या वेळची आहेत. सीआयसीएस फक्त प्रॉडक्शन-१ वर असेल तर त्याचं बिल ३०० वर. आता महत्त्वाचं: त्या ३०० पैकी सीआयसीएसने स्वतः ६० च वापरले असले तरी बिल ३०० वरच. एखादं प्रॉडक्ट एलपारवर आहे म्हटलं की त्या पूर्ण एलपारचा वापर त्याच्या नावावर चढतो. म्हणून "डीबी२ ट्यून करा" याच्याही आधीचा प्रश्न "डीबी२ या एलपारवर हवंच का?" हा आहे. टेस्ट एलपारवर कुणी वापरत नसलेली डीबी२ सबसिस्टिम रोज आपोआप सुरू होत असेल, तर त्या एलपारचा अख्खा आकडा डीबी२ च्या बिलात जातो.

रात्रपाळी :
हे स्पष्ट झालं, धन्यवाद. मग दिवसाची बॅच पुढे-मागे सरकवली तर?

चार_तास :
सरकवा, पण चार तासांच्या खिडकीबाहेर. ११ च्या शिखरातला जॉब १२ ला नेला तर शिखर फक्त तासभर पुढे जाईल, आकडा तोच. आणि गणित उलट्या बाजूनेही बघा. तासभर १०० एमएसयू खाणारा जॉब सरासरीत २५ ची भर घालतो. त्यामुळे छोट्या स्पाइकच्या मागे धावू नका, सलग तीन-चार तास चालणारं काम शोधा.
दुसरं, एमएसयूचा दर टप्प्याटप्प्याने उतरतो. पहिले ३ एमएसयू, मग ४५ पर्यंत, १७५ पर्यंत, ३१५ पर्यंत, ५७५ पर्यंत, असे पुढे. वरच्या टप्प्यातला एमएसयू सर्वांत स्वस्त. ३८० वरून ३४० वर आलात तर वापर साधारण साडेदहा टक्क्यांनी घटला, पण वाचले ते सगळ्यात स्वस्त ४० एमएसयू. बिल साडेदहा टक्क्यांनी उतरणार नाही. वरिष्ठांना आकडा सांगण्याआधी स्वतःच्या किंमत-तक्त्यावर हिशेब करून घ्या. याउलट एखादं प्रॉडक्ट एका एलपारवरून पूर्ण काढलं तर वाचणारी रक्कम जास्त भरीव असते.

मृण्मयी_पी :
पुण्यातून अमेरिकेतल्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठी एक जोड. एसएमएफमधल्या (सिस्टिमच्या वापर-नोंदींमधल्या) वेळा त्या सिस्टिमच्या स्थानिक असतात. न्यूयॉर्कच्या वेळेचं रात्री २ चं शिखर म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात दुपारचे साडेबारा. आलेख भारतीय वेळेत आणि जॉबची यादी तिकडच्या वेळेत असली की भलताच जॉब दोषी ठरतो. सगळं एकाच वेळेत आणा, मगच बोट दाखवा.
आणि एससीआरटीची कंट्रोल कार्डं (सेटिंगच्या ओळी) एकदा उघडून वाचा. काही प्रॉडक्टं स्वतः एसएमएफ ८९ रेकॉर्ड लिहितात. जी लिहीत नाहीत ती कोणत्या एलपारवर आहेत हे आपणच 'नो८९' या स्टेटमेंटमध्ये सांगायचं असतं. ती यादी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसते. प्रॉडक्ट एलपारवरून काढलं, पण नो८९ मध्ये एलपारचं नाव तसंच राहिलं, की पैसे जात राहतात. इतकी स्वस्त बचत दुसरी नाही: एक ओळ दुरुस्त करायची. रिपोर्ट ९ तारखेच्या आत जायला हवा, त्यामुळे हे काम महिन्याच्या मध्यात करा.

कोल्हापूर_झिप :
झिपचा (ठरावीक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरचा) विषय निघायलाच हवा. झिपवर धावलेलं काम एमएसयूत मोजलं जात नाही. जावा जवळपास पूर्ण झिपवर जातं. बाहेरून डीडीएफमार्गे (नेटवर्कवरून) येणारं डीबी२ चं एसक्यूएल काम ६०% पर्यंत. त्याच मार्गाने बोलावलेले नेटिव्ह एसक्यूएल प्रोसीजर जातात, पण कोबोलमध्ये लिहिलेले एक्स्टर्नल प्रोसीजर जात नाहीत. म्हणजे गरम (जास्त सीपीयू खाणाऱ्या) कोबोल प्रोसीजरपैकी जे निव्वळ एसक्यूएलच चालवतात ते नेटिव्ह करण्यात खरी बचत आहे.
झिप आहे म्हणून काम तिथेच जातं असं धरू नका. आरएमएफच्या (कामगिरी मोजणाऱ्या टूलच्या) वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्टमध्ये 'आयआयपीसीपी' हा आकडा बघा. झिपवर जाऊ शकणारं, पण गर्दीमुळे साध्या सीपीवर धावलेलं काम ते. शिखराच्या तासांत तो आकडा मोठा असेल तर नवी झिप किंवा झिपवर एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड), दोन्हींचा विचार करा. एसएमटीसाठी लोडएक्सएक्समध्ये (आयपीएलच्या सेटिंगमध्ये) 'प्रॉकव्ह्यू कोअर' लागतं आणि त्याला आयपीएल लागतो. ३.१ चा आयपीएल होणारच आहे, पण दोन बदल एकाच दिवशी करू नका. आधी ३.१ स्थिरावू द्या, नाहीतर वेळ कशामुळे बदलला हे कळणार नाही.

रात्रपाळी :
आयईएओपीटीमध्ये (सिस्टिमच्या सेटिंग मेंबरमध्ये) 'आयआयपी ऑनर प्रायॉरिटी' 'नो' केलं तर काम सीपीवर सांडणारच नाही ना? कुणीतरी तसं सुचवलंय.

कोल्हापूर_झिप :
पूर्ण सिस्टिमला 'नो' करू नका. डीबी२ चं प्रीफेच (डेटा आधीच वाचून ठेवणं) आणि डिफर्ड राइट (बदल नंतर डिस्कवर लिहिणं) हे झिपवर जाणारं काम आहे. झिप भरली आणि सीपीवर जायला मनाई असली, तर प्रीफेच रांगेत उभं राहतं आणि त्याची वाट बघणारा ऑनलाइन व्यवहारही. बिल वाचतं आणि प्रतिसादाची वेळ बिघडते. सिस्टिमला 'येस' ठेवा आणि ज्यांना उशीर चालतो अशा सर्व्हिस क्लासपुरतं (कामांच्या गटापुरतं) डब्ल्यूएलएम (कामांचं प्राधान्य ठरवणारा भाग) पॉलिसीत ऑनर प्रायॉरिटी 'नो' करा. एकच झिप असेल तर ती निम्म्याच्या पुढे गेली की सांडणं जाणवायला लागतं. एका खिडकीच्या रांगेला पर्याय नसतो.

सिसप्रोग_मिरज :
याच मुद्द्यावरून अपग्रेडकडे येतो, कारण आता झेड/ओएसएमएफ (सिस्टिम सांभाळायचं ब्राउझरमधलं टूल) टाळता येत नाही. सर्व्हरपॅक (झेड/ओएस बसवायचं पॅकेज) येतं तेच पोर्टेबल सॉफ्टवेअर इन्स्टन्स म्हणून, जुना आयएसपीएफ डायलॉग गेला. झेड/ओएसएमएफ जावावर चालतं. ज्या एलपारला झिप नाही तिथे ते सुरू होताना साध्या सीपीवर चांगलंच तुटून पडतं आणि ते थेट फिरत्या सरासरीत दिसतं. म्हणून सिसप्लेक्समध्ये (जोडलेल्या सिस्टिमच्या गटात) ते एकाच, झिप असलेल्या सिस्टिमवर चालवा, प्रत्येकीवर आपोआप सुरू होऊ देऊ नका.
आता क्रम. सगळ्यात आधी ताजा होल्डडेटा (दुरुस्त्यांबद्दलच्या सूचना) रिसीव्ह करा आणि एसएमपी/ई मध्ये (सॉफ्टवेअर बसवायच्या टूलमध्ये) 'रिपोर्ट मिसिंगफिक्स' चालवा. फिक्स कॅटेगरी ३.१ च्या को-एक्झिस्टन्सची (दोन आवृत्त्या सोबत चालण्यासाठीची), शिवाय टार्गेट सिस्टिमची आणि तुमच्या मशीनची. को-एक्झिस्टन्सचे पीटीएफ (दुरुस्त्या) चालू २.५ च्या प्रत्येक सिस्टिमवर हवेत, फक्त ज्या एलपारवर ३.१ येणार तिथे नव्हे. हीच चूक सर्वांत जास्त होते. टेस्टवर ३.१ आलं, त्याने शेअर्ड डेटासेटला हात लावला आणि पीटीएफ नसलेली प्रॉडक्शन सिस्टिम अडखळली. काही पीटीएफना आयपीएल लागतो, त्यामुळे या टप्प्यालाच दोन-तीन मेंटेनन्स विंडो धरून ठेवा.
मग इन्स्टन्स उतरवा. डाउनलोडसाठी झेडएफएसमध्ये (युनिक्स फाइल सिस्टिममध्ये) जागा आणि बसवण्यासाठी वेगळे व्हॉल्यूम (डिस्क), दोन्ही एकाच वेळी लागतात. जागा संपून डिप्लॉयमेंट मध्येच थांबलं तर निस्तरायला वेळ जातो. त्यानंतर अपग्रेड वर्कफ्लो, तोही पीटीएफमधूनच येतो. त्याच्या तपासणीच्या पायऱ्या २.५ वरच आधी चालवून घ्या. मेमरी बघा: एलपारला किमान ८ जीबी. टेस्ट आणि डेव्हलपमेंटला ४ जीबी देऊन ठेवलेले एलपार बरेच असतात, ते इथे अडकतात.
क्रम डेव्हलपमेंट, टेस्ट, मग एक प्रॉडक्शन आणि शेवटी दुसरं. परतीची वाट म्हणून जुने सिसरेस व्हॉल्यूम (ज्यांवरून सिस्टिम सुरू होते ते) तसेच ठेवा. पॅरामलिब (सेटिंगची लायब्ररी) दोन्ही आवृत्त्यांना चालेल अशी सिम्बॉल वापरून लिहा, म्हणजे जुन्या सिसरेसवरून आयपीएल केला की २.५ परत उभं राहतं. सगळ्या सिस्टिम ३.१ वर स्थिर होईपर्यंत नव्या सुविधा चालू करू नका. एकदा चालू झाल्या की परतीची वाट बंद होऊ शकते.

गोवेकर_जेईएस :
आमच्या ओळखीतल्या काही साइट अजून जेईएस३ (जेईएस२ ऐवजी वापरायची यंत्रणा) वर आहेत. त्यांना ३.१ वर जाता येईल?

सिसप्रोग_मिरज :
३.१ मध्ये जेईएस३ नाहीच, २.५ शेवटची. एकतर जेईएस२ कडे वळा किंवा फिनिक्स सॉफ्टवेअरचं जेईएस३प्लस घ्या, ते जेईएस३ च्याच सोर्सवरून पुढे नेलेलं आहे. जेईएस२ कडे वळणं हा स्वतंत्र प्रकल्प आहे. जेसीएलमधली (जॉबच्या आदेशांमधली) '//*' ने सुरू होणारी जेईएस३ स्टेटमेंटं मूळ सेटिंगमध्ये जेईएस२ ला निव्वळ कॉमेंट वाटतात. जॉब एरर न देता चुकीच्या क्रमाने धावतो. ते अपग्रेडच्या आधी, २.५ वर असतानाच उरका.

मृण्मयी_पी :
कोबोलबद्दल कुणी लिहिलं नाही. ४.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्येच संपलाय. पण सगळे प्रोग्राम परत कंपाइल करायचा बेत करू नका, ते कधीच संपत नाही. एसएमएफ ३० (जॉबच्या नोंदी) वरून शिखराच्या चार-पाच तासांत सीपीयू खाणारे जॉब काढा, त्यातले प्रोग्राम काढा. यादी अपेक्षेपेक्षा छोटी निघते. तेवढे आधी ६.४ ने कंपाइल करा. ४.२ चा कोड मशीनच्या नव्या सूचना वापरतच नाही, त्यामुळे दशांश गणित आणि मोठे लूप असलेल्या प्रोग्राममध्ये फरक पडतो. नुसतं फाइल वाचणाऱ्यात किंवा डीबी२ वर वाट बघणाऱ्यात फारसा नाही. जुनी आणि नवी आवृत्ती सोबत चालवल्याचे दोनदा पैसे लागत नाहीत, २०१७ पासून मल्टी-व्हर्जन मेजरमेंट आहे. त्यामुळे घाई नको.
अडचणी कुठे येतात? लोड लायब्ररी (कंपाइल झालेल्या प्रोग्रामची) पीडीएसई या नव्या प्रकारची हवी, साध्या पीडीएसमध्ये ६.४ चं आउटपुट बसत नाही. ही लायब्ररी दोन सिसप्लेक्समध्ये शेअर होत असेल तर तसं करू नका, पीडीएसई बिघडते. कंपाइल जॉबचा रीजन (मेमरी) वाढवा, २०० एमबी तरी. सिसयूटी१ ते सिसयूटी१५ आणि सिसएमडेक हे डेटासेट प्रोसीजरमध्ये घाला, जुन्या प्रोसीजरमध्ये ते सगळे नसतात.
सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खराब आकडे. झोन्ड डेसिमलमध्ये (एका बाइटमध्ये एक अंक अशा साठवणीत) कचरा किंवा स्पेस पडलेले फील्ड ४.२ मध्ये नशिबाने चालून जायचे. ६.४ वेगळी सूचना वापरतं, मग एस०सी७ (खराब आकड्याची चूक) येतो किंवा त्याहून वाईट म्हणजे तुलना वेगळं उत्तर देते. टेस्टमध्ये नमचेक आणि एसएसरेंज (आकडे आणि टेबलच्या मर्यादा तपासणारे ऑप्शन) लावून प्रॉडक्शनच्या डेटावर चालवा, प्रॉडक्शनला काढून टाका, कारण दोन्ही सीपीयू खातात. आर्क ऑप्शन (कोणत्या मशीनसाठी कोड बनवायचा) डीआरच्या मशीनप्रमाणे ठेवा. झेड१४ साठी आर्क १२. त्याहून जुन्या मशीनवर तो प्रोग्राम एस०सी१ (अनोळखी सूचनेची चूक) देऊन पडेल.

बॅचविंडो :
ज्या प्रोग्रामचा सोर्सच सापडत नाही त्यांचं काय?

मृण्मयी_पी :
त्यासाठी ऑटोमॅटिक बायनरी ऑप्टिमायझर आहे, लोड मॉड्यूलवरूनच काम करतो. वर्तन जुनंच राहतं, म्हणून चाचणी कमी लागते. पण त्याचंही लायसन्स आहे. दहा-बारा प्रोग्रामसाठी घेऊ नका. आणि कोबोल कंपायलर फक्त डेव्हलपमेंट एलपारवर ठेवा. प्रॉडक्शनवर कंपाइल होत राहिलं तर कंपायलरचं बिलही प्रॉडक्शनच्या आकड्यावर जातं.

चार_तास :
सॉफ्ट कॅपबद्दल (वापरावर घातलेल्या मर्यादेबद्दल) राहिलं होतं. एलपारला डिफाइन्ड कपॅसिटी किंवा अनेक एलपारना मिळून ग्रुप कपॅसिटी ठरवता येते. फिरती सरासरी त्या रेषेला लागली की डब्ल्यूएलएम आवळतं, तोवर एलपार वरही जाऊ शकतो. मी ग्रुप कॅपच्या बाजूचा आहे. एकाला गरज नसताना दुसऱ्याला तो वाटा मिळतो.
आवळल्यावर काय बिघडतं ते माहीत असू द्या. खालच्या महत्त्वाचं बॅच काम डीबी२ चं लॉक धरून सीपीयूविना पडून राहतं आणि वरचं ऑनलाइन काम त्या लॉकसाठी थांबतं. आयईएओपीटीत अडकलेल्या कामाला थोडा सीपीयू देणारी ब्लॉक्ड वर्कलोडची पॅरामीटरं आहेत, ती बंद नाहीत ना बघा. आरएमएफच्या पार्टिशन डेटा रिपोर्टमध्ये कॅपिंगचा टक्का येतो. तो कामाच्या तासांत रोज दिसत असेल तर कॅप फार खाली आहे.

सिसप्रोग_मिरज :
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. कॅपने काम कमी होत नाही, पुढे ढकललं जातं. २०१९ मध्ये टेलर्ड फिट प्रायसिंग आलं. त्यातल्या वापरावरच्या करारात वर्षभराचे एकूण एमएसयू मोजतात, चार तासांचं शिखर नाही. तो करार करणार असाल तर कॅप, बॅच सरकवणं या सगळ्याचा उपयोग शून्य. तिथे फक्त खरोखर कमी झालेला सीपीयू मोजला जातो: कोबोल, एसक्यूएल, झिप.

चार_तास :
मान्य. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. त्या कराराचा पाया मागच्या वर्षाच्या वापरावर ठरतो. आधी फुगलेल्या वापरावर सही केली आणि नंतर ट्यूनिंग केलं, तर बचत कुणाच्या खिशात जाईल हे कराराच्या कलमांवर आहे. गरम प्रोग्रामचं काम आधी, सही नंतर. आणि ज्यांची बॅच फार टोकदार नाही, दिवसभर वापर सपाट आहे, त्यांना शिखरावरचं बिलच परवडू शकतं. दोन्हींचा हिशेब मागच्या बारा महिन्यांच्या एसएमएफवर करता येतो.

बॅचविंडो :
आयबीएम सोडून बाकीच्या कंपन्यांची प्रॉडक्टं? बिलात तीही मोठी असतात.

मृण्मयी_पी :
बऱ्याचदा त्यांचे करार पूर्ण मशीनच्या क्षमतेवर असतात, फिरत्या सरासरीवर नाहीत. म्हणून मोठं मशीन घेतलं की वापर तोच राहूनही ते बिल चढतं. अपग्रेडच्या निमित्ताने यादी करावीच लागते, कारण प्रत्येक प्रॉडक्टची ३.१ ला चालणारी आवृत्ती आणि नवी की मिळवायची असते. त्याच यादीत दोन रकाने वाढवा: कोणत्या एलपारवर खरंच वापर होतो आणि करार कधी संपतो. वापर नसलेलं नव्या आवृत्तीला न्यायचंच नाही. जे आयबीएमच्या भागाने बदलता येईल असं वाटतं, उदाहरणार्थ सॉर्ट, तिथे घाई करू नका. डीएफसॉर्ट हे झेड/ओएसचं पैसे लागणारं फीचर आहे. चालू केलं की झेड/ओएसच्या बिलात भर पडते. शिवाय कंट्रोल स्टेटमेंटं थोडी वेगळी असतात, ती शोधण्यासाठी सगळी जेसीएल चाळावी लागते.

रात्रपाळी :
खूप उपयोगी. शेवटचं विचारतो: ३.१ चा पहिला आयपीएल झाल्यावर बिलाच्या अंगाने नेमकं काय तपासायचं?

सिसप्रोग_मिरज :
आयपीएलच्या आधी एक. झेड/ओएस व्ही२ चा प्रॉडक्ट आयडी ५६५०-झेडओएस होता, व्ही३ चा ५६५५-झेडओएस आहे. जुना आयएफएपीआरडी मेंबर (कोणती फीचर चालू ते सांगणारा) तसाच नेला तर त्यातल्या नोंदी नव्या सिस्टिमला लागू होत नाहीत. आयपीएल होतो, मग एसडीएसएफ (जॉब आणि आउटपुट बघायचं टूल) उघडत नाही, डीएफसॉर्ट नकार देतो आणि लोक सिक्युरिटीत चूक शोधत बसतात. नव्या आयडीच्या नोंदी घाला, जुन्याही राहू द्या, परत जावं लागलं तर लागतील. नोंदी कॉपी करताना प्रत्येक फीचरचा खरा वापर बघा, वर्षानुवर्षं 'एनेबल्ड' असलेलं पण न वापरलेलं एखादं तिथेच सापडतं. आयपीएलनंतर कन्सोलवर 'डी प्रॉड,स्टेट' देऊन काय चालू झालं ते पडताळा.
मग एसएमएफ. ७० आणि ८९ दोन्ही प्रकार चालू आहेत ना आणि नव्या एलपारवरून रेकॉर्ड गोळा होतात ना, हे पहिल्याच दिवशी बघा, महिनाअखेर नाही. एससीआरटी गोळा झालेल्या डेटाचा टक्का दाखवतं, ९५ च्या खाली गेला तर खुलासा द्यावा लागतो. एससीआरटीची स्वतःची आवृत्तीही ताजी उतरवून ठेवा, जुन्या आवृत्तीला नवी प्रॉडक्टं ओळखता येत नाहीत.